आधी मांडव, मग वेल

आमचा पहिला मांडव आषाढात पडला. रात्री दोनच्या सुमारास अंगणात काहीतरी फरफटल्यासारखा आवाज आला. चोर असेल म्हणून बॅटरी घेऊन बाहेर गेलो, तर गेटवरची मधुमालती स्कूटरवर आडवी झाली होती. चार वर्षांची वेल. तीन दिवसांच्या झडीचं पाणी पानापानांत धरून ती किती जड झाली असेल, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता. पुढचे दोन्ही बांबू जमिनीलगत कुजले होते, तिथेच मोडले. वेलीला मात्र खरचटलंही नव्हतं. लाज याची वाटली की मी तीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत जिग-फिक्स्चरचं काम केलं. दुसऱ्याच्या वस्तूला आधार कसा द्यायचा, हाच माझा धंदा.

तेव्हापासून ‘कुठली वेल लावू?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘चढणार कशावर?’ मोशीत हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. स्पाइन रोडपासून बोऱ्हाडेवाडीपर्यंत नवी घरं, नव्या भिंती. त्या उघड्याबोडक्या दिसतात म्हणून माणूस नर्सरीतून फुललेली वेल आणतो, भिंतीला चिकटून खड्डा करतो आणि वर्षभराने तक्रार घेऊन येतो. एक तर ‘पसरली पण फुलत नाही’, नाहीतर ‘शेजाऱ्याच्या एसीत शिरली’.

सगळ्या वेली एकाच रीतीने चढत नाहीत. गोकर्ण, गणेशवेल, थनबर्जिया, पेट्रिया या आधाराला पिळा घालत जातात. कृष्णकमळ आणि लसूणवेल ताणे फेकतात, स्प्रिंगसारखे. बोगनवेल काट्यांनी अडकत जाते आणि स्वतः काहीच धरत नाही. तिला बांधावंच लागतं. मधुमालतीही तशीच रेलणारी. पानं गळल्यावर देठांचे बुडखे कडक होऊन काट्यांसारखे राहतात, त्यांवर ती पुढे सरकते. जाई-जुईचे थोडे वेढे, थोडं रेलणं.

पिळा घालणाऱ्या वेलीचं टोक हवेत गोल फिरत आधार शोधतं. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकून पडला होता तेव्हा त्याने कुंडीतल्या हॉपच्या वेलीवर रात्रंदिवस नजर ठेवली होती. गरम हवेत टोकाची एक फेरी दोन तासांच्या आसपास पुरी होते, असं त्याला दिसलं. वेलींच्या हालचालींवरचा त्याचा निबंध १८६५ मध्ये आला. हे घरी पाहायला काही लागत नाही. गोकर्णाच्या मोकळ्या टोकापासून चार बोटांवर सकाळी एक काडी रोवा आणि कामाला लागा. दुपारपर्यंत टोक काडीला टेकलेलं असतं, दुसऱ्या दिवशी वेढा पडलेला असतो. पण काडीऐवजी चार इंची ड्रेनेज पाइप असेल तर ते टोक पाइपभोवती घसरत राहतं आणि शेवटी मान टाकतं. इतक्या जाड खांबाला कोवळी वेल पिळा घालू शकत नाही. गोकर्ण आणि गणेशवेलीला सुतळी पुरते, थनबर्जियाला तार, कृष्णकमळाला जाळी. जाड खांब हे मांडवाचं वजन पेलायला. वेलीच्या हाताला काहीतरी बारीक द्यायचं.

मांडव कसा बांधावा हे मला शेवटी इंद्रायणीकाठच्या दोडक्या-कारल्याच्या शेतकऱ्याने शिकवलं, कारखान्याने नाही. त्याचे कडेचे खांब सरळ नव्हते, बाहेरच्या बाजूला जरा कललेले होते आणि प्रत्येकाला बाहेरून तारेचा ताण दिलेला होता. ‘सगळी वेल आत ओढती, मग खांब भायेर झुकवायचा,’ एवढंच तो म्हणाला. आमचा दुसरा मांडव तसाच आहे. दीड इंची बी क्लास जीआय पाइप, दोन फूट जमिनीत, भोवती काँक्रीट, वर आठ फूट उंची. माथ्यावर बारा गेजची जीआय तार फूट-फूट अंतरावर, उभी-आडवी. वेल्डिंगच्या सांध्यांना रेडऑक्साइड आणि वर दोन हात ऑइलपेंट. पूर्वी असला माल आम्ही कुदळवाडीच्या भंगारातून उचलायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामं पाडली, तेव्हापासून जरा शोधाशोध करावी लागते. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, पाइपच्या जाडीत नको.

भिंतीवर चढवायची असेल तर जाळी भिंतीला चिकटवू नका. चार इंच सोडून, तुकडे घालून बसवा. मागून हवा खेळते, रंगाला ओल धरत नाही, आणि कापायला हात जातो. पत्र्यावर किंवा फायबरच्या शेडवर वेल सोडणं तर मुळीच नको. पन्हळीत पानं साचतात, पहिल्याच पावसात पाणी घरात येतं, आणि मे महिन्यात तापलेला पत्रा कोवळे शेंडे भाजून काढतो.

आता जमीन. मोशीत नदीकडची जमीन काळी, वर चढलं की मुरूम आणि खाली पाषाण. पण नव्या घरांच्या अंगणात बहुधा दोन्ही नसतात. असतो तो राडारोडा. बांधकामाचं उरलेलं सिमेंट, चुना, फरशीचे तुकडे, त्यावर चार इंच लाल माती पसरून हिरवळ. यात सिमेंटचा अंश असल्याने माती अल्कधर्मी होते आणि जाई-जुई पिवळी पडते. म्हणून खड्डा भिंतीपासून दीड-दोन फूट दूर घ्या, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि निघालेला माल परत आत टाकू नका. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर पहारीने तळ फोडा, नाहीतर जागा बदला. उभ्या पाण्यात बोगनवेल एका पावसाळ्यात मरते. भरताना निम्मी पोयट्याची माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत, पाव हिस्सा कंपोस्ट, आणि दोन मुठी निंबोळी पेंड.

कंपोस्ट बाहेरून विकत आणायची गरज नाही. ओला कचरा जागेवर जिरवण्याची सक्ती मोठ्या सोसायट्यांना आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते खत कोपऱ्यात पोत्यांत पडून असतं, कुणी न्यायला तयार नसतं. कचरा डेपोमुळे शहरभर नाव झालेल्या गावाने निदान एवढं तरी करावं. फक्त मशिनमधून निघालेलं ताजं खत लगेच घालू नका. मूठ भरून पाहा: गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर महिनाभर सावलीत ओलं करून ठेवा. पावसाळी मातीचा वास यायला लागला की तयार. चुलीची किंवा शेकोटीची राख मात्र नको. कोकणात ती चालेल, आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत ती जखमेवर मीठ.

पाण्याचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी आहे, वरची तूट बोअर आणि टँकर भरून काढतात. बोअरचं पाणी जड. कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. या पाण्यावर जुईची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतात. कमी असतं ते लोह. हिराकस लिटरला पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, महिन्यातून एकदा, पिवळेपणा जाईपर्यंत. आणि पावसाळ्यात पन्हळीखाली दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवा. ते पाणी कुंडीतल्या जाई-जुईसाठी राखून ठेवायचं.

जमिनीतल्या वेलीला रोज पाणी लागत नाही. पहिलं वर्ष आठवड्यातून दोनदा, नंतर उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर. गावाला जायचं असेल तर बुंध्यापासून फूटभरावर एक साधा माठ गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. तो पाझरत राहतो, मुळं त्याच्याकडे जातात. माठ न रंगवलेला हवा.

आता कुठे कोणती. पश्चिमेची भिंत मे महिन्यात तव्यासारखी तापते. ती बोगनवेल किंवा संक्रांतवेलीची जागा. बोगनवेल फुलायला सहा तास ऊन आणि थोडी उपासमार लागते. रंगीत दिसतात ती तिची फुलं नव्हेत, पानांचेच रूप बदललेले भाग. खरं फूल आत, पांढुरकं आणि इवलंसं. रोज पाणी आणि भरपूर शेणखत मिळालेली बोगनवेल नुसती हिरवी माजते. आमच्या गल्लीतली सगळ्यात फुललेली बोगनवेल एका बंद घराच्या कुंपणावर आहे. तिला गेली तीन वर्षं कुणी पाणी घातलेलं नाही. आणताना एक जपा: तिची मुळं फार नाजूक असतात. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने कापा आणि मातीचा गोळा न फुटता खड्ड्यात बसवा. नर्सरीतून आणलेल्या बोगनवेली मरतात त्या बहुतेक याच घाईत.

पूर्वेची भिंत, सकाळचं ऊन: जाई, जुई, कुंद. पाकळीखाली गुलाबी झाक असते ती जाई, बारीक शुभ्र फुलांची ती जुई, आणि थंडीत फुलतो तो कुंद. नर्सरीत जाईला सर्रास चमेली म्हणतात. नावावर जाऊ नका, कळी उलटी करून पाहा. आळंदी शेजारीच असल्याने आणि ज्ञानेश्वरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोगऱ्याच्या रचनेमुळे ‘मोगऱ्याचा वेल’ मागायला पुष्कळ लोक येतात, असं एका नर्सरीवाल्याने सांगितलं. मग त्यांना बटमोगरा दिला जातो, जो झुडूप आहे आणि झुडूपच राहतो. मांडवावर चढवायचा असेल तर वेली मोगरा असं स्पष्ट सांगून घ्या.

उत्तरेच्या सावलीच्या भिंतीवर फुलांची आशा सोडा. मनी प्लांट लावा आणि समाधानी राहा.

गेटवरच्या कमानीसाठी मधुमालतीसारखी वेल नाही, मांडव पडूनही माझं हेच मत आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला खुर्ची टाकून तिच्याखाली बसा. लांब दांडीवर लोंबणारी कळी फुगलेली असते. अंधार पडता पडता ती उलगडते, पांढरी. त्याच घोसात कालचं फूल गुलाबी, परवाचं लाल. वास सुटतो तो रात्री, कारण तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे लांब सोंडेचे पतंग, आणि ते रात्रीचे येतात. मात्र तिची मुळं जिथे तिथे धुमारे काढतात. ड्रेनेज चेंबरपासून तिला आठ-दहा फूट लांब ठेवा, आणि धुमारा दिसला की मुळापासून उपटा.

संक्रांतवेल नावाप्रमाणे जानेवारीत केशरी होते, अख्खी, पान दिसत नाही इतकी. पेट्रिया तिच्या मागोमाग, निळी-जांभळी. तिची पानं पॉलिशपेपरसारखी खरखरीत. दोन्ही एकाच मांडवावर लावू नका, संक्रांतवेल पेट्रियाला दाबून टाकते. लसूणवेल दिवाळीच्या आगेमागे फुलते; फूल जांभळं उमलतं आणि फिकट होत जातं. पान चुरगळलं की हाताला फोडणीचा वास. ज्याला निम्म्या मेहनतीत बहर हवा त्याने ती लावावी.

कृष्णकमळ सगळ्यांना हवं असतं. शंभर कौरव, पाच पांडव, मधे तीन देव, हे आपण लहानपणी फूल हातात घेऊन मोजलेलं असतं. मूळ वेल दक्षिण अमेरिकेतली. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांना त्याच पाच पुंकेसरांत ख्रिस्ताच्या पाच जखमा आणि तीन कुक्षींत तीन खिळे दिसले. फुलाने कुणालाच नाही म्हटलं नाही. या वेलीवर काटेरी, तांबूस-काळ्या अळ्या हमखास येतात. त्या टॉनी कोस्टर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या. दोन आठवड्यांत निम्मी पानं संपतात आणि वेल पुन्हा फुटते. मी फवारत नाही. नातवंडांना फुलपाखरू हवं तर पानं द्यावी लागतात.

उंच इमारतीतल्या बाल्कनीसाठी माझी यादी लहान आहे: गोकर्ण, गणेशवेल, जुई, आणि वरून सोडायची तर कर्टन क्रीपर. कुंडी चौदा इंचाहून लहान नको. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून लावा. दीड-दोन महिन्यांत फूल येतं. दहाव्या मजल्यावरचा वारा पानं फाडतो, म्हणून जाळी रेलिंगच्या आतल्या बाजूने बांधा.

कळलावीबद्दल मात्र सावध करतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याला कुंपणांवर ती आगीसारखी फुललेली दिसते आणि कंद उकरून आणायचा मोह होतो. तिचा कंद अतिशय विषारी असतो. लहान मुलं किंवा कुत्रा असलेल्या घरात तिला जागा नाही. बाकी जंगलातली जंगलातच बरी.

आता कात्री. लोक वेल लावायला जून शोधतात, ते बरोबरच आहे. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा. पण कापायला मुहूर्त शोधत नाहीत. गणपतीत घर साफ करताना जे हाताला लागेल ते कापतात. मग जानेवारीत संक्रांतवेल सुनी, आणि माझ्याकडे तक्रार. गणपतीत कापले गेले तेच तर जानेवारीत फुलणारे फाटे होते. जी वेल फुलते ती फुलं ओसरल्याबरोबर कापायची, एवढं धरून चाला. संक्रांतवेल फेब्रुवारीत, पेट्रिया मार्चअखेर, बोगनवेल जूनच्या तोंडावर. जाई-जुई आणि मधुमालती नव्या फुटीवर फुलतात, त्यांना थंडी सरता सरता, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, निर्दयपणे कापा. जुई गुडघ्यापर्यंत आणली तरी चालते. आमच्या शेजारच्या काकू पहिल्या वर्षी कात्री पाहून अक्षरशः आत निघून गेल्या होत्या. आता त्या स्वतः आठवण करून देतात.

कापण्याइतकंच महत्त्वाचं आहे आडवं बांधणं. वेल सरळ वर सोडली की सगळा जोर शेंड्यात जातो. फुलं शेजाऱ्याच्या गच्चीवर आणि आपल्या वाट्याला खालच्या वाळक्या काड्या. फाटा तारेवर आडवा वळवून बांधला की शेंड्याची दादागिरी कमी होते आणि प्रत्येक पेऱ्यातून बाजूची फूट निघते. बांधायला जुन्या सुती साडीच्या चिंध्या, आठच्या आकड्यासारखा फेरा देऊन: एक वेढा तारेला, एक वेलीला. प्लास्टिकची सुतळी किंवा वायर वापरू नका. खोड जाड झालं की ती आत रुतते आणि अर्धी वेल का वाळली ते कळत नाही.

बुंध्याची खालची दीड फूट जागा मोकळी ठेवा. आजूबाजूला अजून शेतं आहेत, साप निघतात. पण साप वेलीसाठी येत नाही, तिच्याखालच्या पाचोळ्यातल्या उंदरांसाठी येतो. पाचोळा झाडला की भीतीही जाते.

रोगकिडींत सगळ्यात चिवट पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या पाहा. खोडावर मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की समजा, वर कुठेतरी कापसासारखे ठिपके बसलेत आणि मुंग्या त्यांचा गोड चिकटा चाटायला चालल्यात. पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, दर आठवड्याला, तीन वेळा, उन्हं उतरल्यावर. हायवेलगतच्या घरांनी महिन्यातून एकदा पानं नुसत्या पाण्याने धुवावीत. ट्रकची धूळ बसलेल्या पानांवर लाल कोळी लवकर धरतो.

वेल पिकून किती मोठी होते हे एकदा डोळ्यांनी पाहायचं असेल तर पुण्यात एम्प्रेस गार्डनला जा आणि तिथली गारंबी पाहा. माणसाच्या मांडीएवढ्या खोडाचे वेटोळे झाडाझाडांवर गेलेले दिसतील. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला गेलात तर दोन्ही कामं होतात. तार, ठिबकच्या नळ्या आणि बी-बियाणं घ्यायला मात्र कुठे जाऊ नका. डिसेंबरात किसान प्रदर्शन आपल्याच मोशीच्या मैदानावर भरतं.

नवी वेल विकत घ्यायच्या आधी शेजारी विचारा. मधुमालतीचा मुळावरचा धुमारा फुकट मिळतो, कृष्णकमळाची पेन्सिलएवढी काडी पावसात सहज लागते. जुईचं दाब कलम करा. जमिनीलगतची एक फांदी वाकवा, मधल्या पेऱ्याखाली ब्लेडने हलका छेद द्या, तेवढा भाग मातीत दाबून वर वीट ठेवा, टोक बाहेर राहू द्या. सहा-आठ आठवड्यांनी वीट उचलून फांदी हळूच ओढून पाहायची. हाताला अडकल्यासारखी लागली की मुळं आली. मग आईकडच्या बाजूने कापायचं, पण लगेच उपटायचं नाही, आठ दिवस तिथेच राहू द्यायचं. आत्ता आमच्या मांडवाखाली अशा तीन विटा आहेत. दोन काकूंच्या ठरल्यात. तिसरी ज्याला हवी त्याने आधी मांडवाचा फोटो दाखवावा.